गाव छोटं, भानगडी मोठ्या : वाचकांचे प्रश्न

ब्रिटिश खेड्यांतल्या रहस्यमालिका आणि त्यांच्या शेजारीच नांदणाऱ्या हलक्याफुलक्या ग्रामीण मालिका, यांबद्दल वाचकांनी विचारलेले काही प्रश्न या अंकात घेतले आहेत. एकाच मुद्द्याची पत्रं एकत्र केली आहेत. कुठल्याही भागातला खुनी कोण हे इथे फोडलेलं नाही, तेव्हा निर्धास्त वाचा.

आई-बाबांबरोबर या मालिका बघायच्या आहेत. दोघांना इंग्रजी कळतं, पण भरभर बोललेलं निसटतं. रक्तपातही नको. सुरुवात कशापासून करावी? (सांगली)

‘फादर ब्राउन’पासून. बीबीसीने २०१३ पासून ही मालिका दुपारच्या वेळेत दाखवली. त्यामुळे मारामारी आणि रक्त जवळजवळ पडद्याबाहेरच राहतं. भाग पाऊण तासाचा, प्रत्येक गोष्ट स्वतंत्र, काळ १९५० च्या दशकातला आणि केंबलफोर्ड हे गाव कल्पित. पाद्रीबुवांच्या भूमिकेत मार्क विल्यम्स आहेत. ते सावकाश, एकेक शब्द सुटा करून बोलतात. जेवणं आटोपल्यावर एक भाग सहज बसतो.

ती रुळली की जोन हिक्सन यांची ‘मिस मार्पल’ घ्या, म्हणजे खेड्यात राहून खून उलगडणारी म्हातारी. १९८४ ते १९९२ या काळात अगाथा ख्रिस्ती यांनी लिहिलेल्या मार्पलबाईंच्या बाराही कादंबऱ्यांवर बीबीसीने ही मालिका केली. तिची चाल संथ आहे. नंतर दुसऱ्या अभिनेत्रींना घेऊन केलेल्या मार्पल मालिका दिसायला जास्त चकचकीत आहेत, पण हिक्सनबाई विणकाम करता करता समोरच्याला ज्या नजरेने जोखतात ती नजर त्यांत नाही. ‘मिडसमर मर्डर्स’ तिसऱ्या पायरीवर ठेवा. भाग दीड तासाच्या वर जातो, पात्रं पंधरा-वीस असतात, आणि पहिल्या वीस मिनिटांत कोण कुणाचा कोण हे लक्षात आलं नाही तर पुढचं सगळं हातातून जातं.

सबटायटल लावताना एक काळजी घ्या. पर्याय दोन असतील तर ऐकू न येणाऱ्यांसाठी केलेली सबटायटल टाळा. त्यांत पावलांचे, दारांचे आवाजही लिहिलेले असतात. कधी कधी अंधारातून बोलणाऱ्या माणसाचं नावही आधीच छापून येतं आणि रहस्याचा बोऱ्या वाजतो.

‘मिडसमर मर्डर्स’ पहिल्यापासून क्रमाने बघावी लागते का? मध्येच इन्स्पेक्टर बदललेला दिसला. (नागपूर)

क्रमाने बघायची सक्ती नाही. खुनाचा निकाल त्याच भागात लागतो. १९९७ पासून तेराव्या सीझनपर्यंत टॉम बार्नबी आहेत, म्हणजे जॉन नेटल्स. हे ८१ भाग. २०११ मध्ये ते निवृत्त झाले आणि त्यांचे चुलतभाऊ जॉन बार्नबी आले, म्हणजे नील डजन. नव्या बार्नबींची ओळख आधीच्या सीझनमध्ये ब्रायटनच्या एका प्रकरणात करून दिलेली आहे. तो भाग सुटला तर ते एकदम आकाशातून पडल्यासारखे वाटतात. बदलत राहतात ते हाताखालचे सार्जंट : ट्रॉय, स्कॉट, जोन्स, नेल्सन, विंटर. कुठला भाग कोणत्या काळातला हे ओळखायचं असेल तर सार्जंट बघा.

सुरुवातीचे भाग कॅरोलाइन ग्रॅहम यांच्या कादंबऱ्यांवर बेतलेले आहेत. त्या कादंबऱ्या सातच असल्यामुळे पुढचं बहुतेक सगळं नव्याने लिहिलेलं आहे. आमच्या मते पहिली तीन-चार वर्षं सर्वांत सरस. पुढे खुनाच्या तऱ्हा अधिकाधिक अचाट होत गेल्या. एका भागात माणूस चीजच्या अजस्र चकतीखाली चिरडला जातो. हसू येतं खरं, पण मेलेल्याबद्दल कुणाला काही वाटेनासं होतं.

खुनी ओळखता येण्याची काही पद्धत आहे का? घरात पैज लागते आणि मी दर वेळी हरतो. (पुणे)

पद्धत आहे, पण त्याआधी भागाची बांधणी लक्षात घ्या. दीड तास भरायला एक खून पुरत नाही. पहिला खून सुरुवातीच्या दहा मिनिटांत होतो, कधी नामावलीच्याही आधी. दुसरा साधारण मध्यावर. तिसरा झालाच तर शेवटच्या अर्ध्या तासात.

यांतला दुसरा खून सर्वांत जास्त बोलका असतो. पहिल्याचं कारण बहुतेक वेळा जुनं आणि खोल गाडलेलं असतं : मृत्युपत्र, जमिनीचा तुकडा, तीस वर्षांपूर्वी लपवलेलं मूल. दुसऱ्याचं कारण ताजं असतं. त्या माणसाने काहीतरी पाहिलेलं असतं, आणि पोलिसांकडे जायच्या ऐवजी तो पैसे मागायला गेलेला असतो. तेव्हा ‘पहिल्याला मारून फायदा कुणाचा’ यात डोकं शिणवू नका. दुसरा माणूस मरायच्या आदल्या दिवशी कुठे उभा होता आणि तिथून त्याला काय दिसलं असेल, हे विचारा. पडवीची खिडकी, चर्चच्या मनोऱ्याचा जिना, कुत्रं फिरवायची वाट. लेखकाला ती जागा एकदा तरी दाखवावीच लागते.

आता वही घ्या आणि तीन रकाने करा. पहिल्यात कोण काय खोटं बोललं ते लिहा. या गावांत खोटं सगळेच बोलतात. कुणाचं लफडं असतं, कुणी चर्चच्या निधीत हात घातलेला असतो, कुणी कर्जात बुडालेला असतो. ज्या खोट्याचा उलगडा झाला त्यावर काट मारा. तासाभरात बरीच नावं गळतात. दुसऱ्या रकान्यात वेळा लिहा, त्याही फक्त अशा, ज्यांना एकाच माणसाच्या शब्दाखेरीज आधार नाही : ‘मी साडेनऊला दिवा मालवला’, ‘फोन आला तेव्हा दहा वाजत होते’. अर्ध्याअधिक वेळा गाठ इथेच असते. खून झाल्याची वेळ आपण धरून चालतो तीच चुकीची असते. तिसऱ्या रकान्यात वस्तू. कॅमेरा एखाद्या वस्तूवर कारण नसताना दोनदा थांबला की ती लिहून ठेवा : कपाटावरचा जुना फोटो, बागेतली कात्री, बंद पडलेलं घड्याळ.

पैज हरण्याची कारणंही ठरलेली आहेत. मृत्युपत्रात ज्याला सगळं मिळणार असतं त्याच्यावर बहुतेक जण नाव लावतात. पण लेखकाने त्याला पहिल्या पाव तासातच पुढे केलेलं असतं ते तुम्ही फसावं म्हणून. गावातला खडूस जमीनदार, तापट खाटीक, शहरातून आलेला उद्धट बिल्डर, ही माणसं खुनी म्हणून क्वचितच निघतात. त्यांचं काम आवाज करण्याचं असतं. लक्ष ठेवायचं ते सतत आसपास असणाऱ्या, सगळ्यांना चहा देणाऱ्या आणि पोलिसांनी एकदाही धड उलटतपासणी न घेतलेल्या माणसावर.

ब्रिटिश प्रेक्षकांची एक जुनी युक्ती आहे : छोट्या भूमिकेत नावाजलेला नट दिसला की तोच खुनी समजायचा. पुढे पाहुणे कलाकार सगळेच नावाजलेले येऊ लागले आणि ही युक्ती बोथट झाली. आपल्याला त्यांतले निम्मे चेहरे ओळखीचे नसतात, म्हणून आपण त्या मोहापासून आपसूक वाचतो.

लेखकाने प्रेक्षकाशी सरळ खेळावं, हा या प्रकारातला जुना दंडक आहे. रोनल्ड नॉक्स या इंग्लिश लेखकाने १९२९ मध्ये त्याचे दहा नियम घालून दिले. तो स्वतः कॅथलिक धर्मगुरू होता. खुनी गोष्टीच्या सुरुवातीच्या भागातच येऊन गेलेला असला पाहिजे, गुप्त वाट एकाहून जास्त नको, शोध घेणाराच गुन्हेगार निघता कामा नये, असे ते नियम. टीव्ही मालिका हे नियम मोडतात ते शेवटच्या दहा मिनिटांत. आधी कधीच न दाखवलेलं दृश्य आठवण म्हणून दाखवतात आणि उलगडा झाला म्हणतात. असा भाग लागला तर पैज रद्द समजा. तो लेखकाचा आळस आहे, तुमचा पराभव नाही.

एकाच परगण्यात इतके खून कसे? मिडसमर खरंच आहे का? (जळगाव)

परगणा कल्पित आहे. सॉमरसेटमध्ये मिडसमर नॉर्टन नावाचं खरं गाव आहे, पण चित्रीकरणाशी त्याचा संबंध नाही. मालिकेतली गावं मुख्यतः बकिंगहॅमशर आणि ऑक्सफर्डशर या परगण्यांतली. कॉस्टन हे तालुक्याचं ठिकाण म्हणजे थेम्सकाठचं वॉलिंगफर्ड. ही गावं निवडण्यामागे देखणेपणाबरोबर हिशेबही आहे. लंडनपासून तासा-दीड तासाच्या अंतरावर असल्यामुळे कलाकार-तंत्रज्ञांना मुक्कामाशिवाय काम करता येतं.

संख्येचं उत्तर त्या कल्पित परगण्यातच आहे. एका गावात शंभर खून झाले तर कुणाचाच विश्वास बसणार नाही. म्हणून दर भागाला नवं गाव काढायचं आणि पोलीस तेवढे तेच ठेवायचे. खेडंच का, यावर कवी ऑडन यांनी १९४८ च्या एका निबंधात चांगलं लिहिलं आहे. वर्तुळ बंद असलं पाहिजे, म्हणजे खुनी आपल्यातलाच आहे हे प्रत्येकाला मान्य करावं लागतं. शहरात तो कुणीही परका असू शकतो.

खून अजिबात नकोत. गावातली साधी, हसरी मालिका सुचवा. (रत्नागिरी)

आमची पहिली पसंती ‘डॉक मार्टिन’. कॉर्नवॉलच्या किनाऱ्यावरचं पोर्टवेन हे कल्पित गाव. चित्रीकरण पोर्ट आयझॅकचं. लंडनचा नामांकित शल्यविशारद रक्त बघितलं की कासावीस होऊ लागतो, म्हणून शस्त्रक्रिया सोडून गावचा डॉक्टर होतो. हे पात्र मुळात २०००च्या एका चित्रपटात वेगळ्या स्वभावाचं आणि वेगळ्या आडनावाचं होतं. मालिकेसाठी ते तिरसट केलं, आणि तिथेच सगळी गंमत आली. २००४ ते २०२२, दहा सीझन. ही मात्र क्रमानेच बघा. डॉक्टर आणि शाळेतली लुइझा यांचं जमणं-फिसकटणं पहिल्यापासून बघितलं नाही तर पाचव्या सीझनमधलं भांडण कशावरून हेच कळत नाही.

‘ऑल क्रीचर्स ग्रेट अँड स्मॉल’ दोन आहेत. १९७८ ची बीबीसीची, आणि २०२० पासूनची चॅनेल ५ ची. दोन्ही यॉर्कशरच्या खोऱ्यांतल्या पशुवैद्याच्या आठवणींवर बेतलेल्या. जेम्स हेरियट या नावाने लिहिणारे आल्फ वाइट थर्स्क गावात व्यवसाय करत. नवी मालिका १९३७ मध्ये सुरू होते. गावातली वत्सल माणसं आणि डोळ्यांना सुख हवं तर नवी बघा. घरी गुरं आहेत आणि कामातला खरेपणा हवा आहे तर जुनी. तिच्यात मुख्य नट क्रिस्टोफर टिमथी यांनी खऱ्या गायींवर खांद्यापर्यंत हात घालून काम केलं आहे. गाय विणताना काय होतं हे ठाऊक असलेल्याला फरक लगेच कळेल.

‘लास्ट ऑफ द समर वाइन’ १९७३ ते २०१० अशी चालली, २९५ भाग. तीन म्हातारे टवाळ्या करत डोंगरांतून हिंडतात, एवढंच कथानक. पहिल्या भागापासून सुरू करू नका. तिसऱ्या सीझनला, १९७६ मध्ये, माजी सैनिक फॉगी येतो तिथून घ्या. दोघं आळशी आणि एक सारखा मोहिमा काढणारा, अशी जोडणी झाल्यावर मालिकेला गती येते.

‘द व्हिकर ऑफ डिब्ली’त खेड्यातल्या चर्चवर पाद्री म्हणून बाई येते. त्यातला विनोद कळायला एक तारीख लागते. इंग्लंडच्या चर्चने स्त्रियांना धर्मगुरू होऊ देण्याचा निर्णय १९९२ मध्ये घेतला, पहिल्या स्त्रियांना दीक्षा मिळाली मार्च १९९४ मध्ये, आणि मालिका त्याच नोव्हेंबरात आली. गावातल्या म्हाताऱ्यांचा धक्का तेव्हा अगदी ताजा होता.

आणि एक कमी बोलली जाणारी मालिका : ‘डिटेक्टरिस्ट्स’. शेतात धातुशोधक यंत्र फिरवत रोमन नाणी शोधणारे दोन मित्र. सापडतात ती बहुतेक पेयांच्या डब्यांची झाकणं. तीन छोटे सीझन, अर्ध्या तासाचे भाग. या यादीतली सर्वांत चांगली लिहिलेली मालिका हीच, असं आमचं मत. मात्र हिला मोबाइल बघत बघत बघू नका. अर्धी गंमत दोघांच्या गप्प राहण्यात आहे.

जुन्या काळातल्या मालिकांत पैशांचे, दारूच्या वेळांचे संदर्भ कळत नाहीत. (बेळगाव)

तीन गोष्टी लक्षात ठेवल्या की पुष्कळ उलगडतं.

पैसे : १५ फेब्रुवारी १९७१ पर्यंत १२ पेन्सचा शिलिंग आणि २० शिलिंगांचा पौंड. गिनी म्हणजे २१ शिलिंग. डॉक्टर-वकिलांची फी, घोड्यांच्या किमती गिनीत सांगायची रीत होती, त्यामुळे कोण कशात मोजतो यावरून त्याची पायरी कळते. आपल्याकडे १९५७ पर्यंत १६ आण्यांचा रुपया होता. घरातल्या आजोबांना हा हिशेब समजावून द्यावा लागणार नाही.

पब : इंग्लंडमध्ये १९८८ पर्यंत दुपारी पब बंद ठेवावे लागत, आणि रात्री ठरल्या वेळेला घंटा वाजवून गिऱ्हाइकांना उठवत. १९६०च्या दशकात घडणारी ‘हार्टबीट’ घ्या. दारं लावून आत चाललेली बैठक आणि दारावर थाप मारणारा हवालदार हा त्यातला नेहमीचा विनोद. आणि रहस्यकथेत ‘पब बंद झाल्यावर मी घरी गेलो’ हे वाक्य वेळेचा पुरावा ठरतं.

फाशी : ब्रिटनमध्ये खुनासाठी फाशी १९६५ पर्यंत होती. तेव्हा ती स्थगित झाली आणि १९६९ मध्ये कायमची गेली. फादर ब्राउन गुन्हेगाराकडे कबुलीसाठी आणि पश्चात्तापासाठी एवढी धडपड का करतात, आणि निरपराध माणूस अडकला की घाई का होते, त्याचं कारण हे. तिथे चूक झाली तर दुरुस्त करायला माणूसच उरत नाही.

मुलगी लंडनला असते. जूनमध्ये जाणार आहोत. यांतली कुठली गावं बघता येतील? (कोल्हापूर)

एका दिवसाची सहल हवी तर वॉलिंगफर्ड. पॅडिंग्टन स्थानकावरून चोल्सीला गाडीने साधारण तासाभरात पोचाल. पुढे पाचेक किलोमीटर बस. बाजार चौकातलं कॉर्न एक्स्चेंज म्हणजे मालिकेतलं कॉस्टनचं नाट्यगृह. गंमत अशी, की अगाथा ख्रिस्ती याच गावात राहत. १९७६ मध्ये त्या वारल्या आणि चोल्सीच्या सेंट मेरी चर्चच्या आवारात त्यांचं दफन झालं. कबर आधी बघा आणि मग बस धरा, म्हणजे परतीचा हेलपाटा वाचतो.

डिब्लीचं चर्च बघायचं तर टरव्हिल. तिथे रेल्वे नाही; हाय विकम किंवा हेन्लीहून गाडी करावी लागते. भारतीय परवान्यावर पर्यटकाला तिथे १२ महिन्यांपर्यंत गाडी चालवता येते, आणि वाहतूक आपल्यासारखीच डावीकडून. मात्र चिल्टर्न टेकड्यांतले रस्ते एका गाडीपुरते आहेत. समोरून कुणी आलं तर रुंद जागेपर्यंत मागे जायची तयारी ठेवा. त्याच दिवशी जवळचं हॅम्बल्डन गावही बघून होतं.

पोर्ट आयझॅकचा बेत एका दिवसात करू नका. पॅडिंग्टन ते बॉडमिन पार्कवे चार तासांच्या आसपास, वर बस किंवा टॅक्सी. गाडी गावाच्या माथ्यावरच्या वाहनतळावर ठेवून चालत उतरा. खाली गल्ल्या इतक्या चिंचोळ्या आहेत की एकीचं नावच लोकांनी पोट आत घ्यावं लागतं यावरून पाडलं आहे. डॉक्टरचं घर ही खासगी मालमत्ता आहे. फोटो रस्त्यावरून घ्या, खिडकीतून डोकावू नका.

यॉर्कशरसाठी दोन मुक्काम हवेत. थर्स्कमध्ये हेरियट यांच्या मूळ दवाखान्यात संग्रहालय आहे. नव्या ‘ऑल क्रीचर्स’मधलं डॅरोबी गाव म्हणजे ग्रासिंग्टन. स्किप्टनपर्यंत रेल्वे, पुढे बस. ‘हार्टबीट’मधलं गाव गोथलंड, तिथे पिकरिंगहून वाफेच्या इंजिनाची गाडी जाते. हॅरी पॉटरच्या पहिल्या चित्रपटातलं हॉग्समीड स्थानक हेच, तेव्हा नातवंडं बरोबर असतील तर त्यांचीही सोय झाली.

बेत फसतो तो दोन कारणांनी. रविवारी खेड्यांतल्या बस फार कमी असतात, कुठे अजिबात नसतात. परतीची शेवटची बस कितीची हे उतरतानाच बघून ठेवा. दुसरं, पबचं स्वयंपाकघर दुपारी दोन-अडीचला बंद होतं ते सहाला उघडतं. तीन वाजता पोचलात तर चिप्सच्या पाकिटावर भागवावं लागेल. शाकाहारी असाल तर ‘प्लाउमन्स लंच’ मागा : पाव, चीज, लोणचं, सफरचंद. पण हॅम नको हे आधी सांगा, पुष्कळ ठिकाणी ते ताटात असतं. जून निवडलात ते उत्तम. रात्री साडेनऊपर्यंत उजेड असतो. डिसेंबरात यॉर्कशरमध्ये पावणेचारलाच अंधार पडतो.

आमच्या नाट्यमंडळाला अशा धर्तीची, पण आपल्या गावातली आठ भागांची मालिका लिहून मोबाइलवर चित्रित करायची आहे. कशी बांधावी? (सातारा जिल्हा)

पात्रं आठ ते दहा, त्याहून जास्त नकोत. प्रत्येकाला एक काम, एक खोड आणि दुसऱ्या एका पात्राशी एक जुनं भांडण द्या. हे भांडण कशावरून झालं ते सहा भागांपर्यंत सांगू नका.

एक माणूस बाहेरचा हवाच. डॉक मार्टिन, डिब्लीची पाद्रीणबाई, पशुवैद्य जेम्स, हिंदी ‘पंचायत’मधला सचिव, सगळे बाहेरून आलेले. त्याला गाव समजावून सांगता सांगता प्रेक्षकालाही कळतं. नाहीतर गावकऱ्यांना एकमेकांना आधीच माहीत असलेल्या गोष्टी सांगत बसावं लागतं, आणि संवाद लगेच खोटे वाटतात.

पाऊण तासाच्या भागात तीन धागे ठेवा. मुख्य प्रकरण पंचवीस मिनिटांचं आणि त्याच भागात संपणारं. गावातली किरकोळ कटकट बारा मिनिटांची. हरवलेला बोकड, लाउडस्पीकरचं भाडं, काहीही. उरलेली आठ मिनिटं भागागणिक एकेक पाऊल पुढे सरकणाऱ्या नात्याला. किरकोळ कटकटीतली एखादी गोष्ट मुख्य प्रकरणाची किल्ली निघाली पाहिजे. हे साधलं नाही तर दोन वेगळे भाग चिकटवल्यासारखं दिसतं.

पबच्या जागी काय, हा पहिला पेच. चहाची टपरी सगळेच वापरतात. आम्ही दूध संकलन केंद्र घ्या म्हणू. सकाळ-संध्याकाळ ठरल्या वेळेला सगळी घरं तिथे येतात, बायका-माणसं दोघंही. तिथल्या पावतीवर तारीख, सकाळ की संध्याकाळ, लिटर, फॅट, एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन घटक), सगळं छापून येतं. कोण कुठे होतं याचा असा लेखी पुरावा इंग्लंडच्या कुठल्या पबला देता आला नसता. एरवी सहा-साडेसहा फॅट लागणाऱ्या म्हशीच्या दुधाचं फॅट आणि एसएनएफ एकदम दोन्ही उतरलं, तर पाणी पडलेलं आहे. ते कुणी आणि का घातलं, यावरच एक अख्खा भाग होतो, खून न करता.

मृत्यू दाखवणार असाल तर कारवाई बिनचूक हवी. गावात चार जणांना ती पाठ असते. महाराष्ट्रात १९६७ च्या ग्राम पोलीस अधिनियमानुसार पोलीस पाटील नेमलेला असतो. तो गावचाच, सगळ्यांना ओळखणारा. अशा मालिकेला याहून चांगला नायक नाही. पण ठाण्याला खबर देणं हे त्याचं काम. तपास ठाण्याचा अधिकारी करतो. मृत्यू संशयास्पद असेल तर आधी अकस्मात मृत्यूची नोंद, मग जागेवर पंचनामा, मग शवविच्छेदन. पंचनाम्याला परिसरातल्या दोन किंवा अधिक प्रतिष्ठित रहिवाशांना बोलवावं लागतं. ही तरतूद पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १७४ मध्ये होती, १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १९४ मध्ये आहे. गोष्ट कुठल्या वर्षातली त्याप्रमाणे कलम बदला. आणि पंचांचा विचार करा : प्रेताजवळ उभं राहून सही करणाऱ्या दोघांपैकी एक खुनी असू शकतो. ही सोय कायद्यानेच करून ठेवली आहे.

आठ भागांत खून दोनच ठेवा. दीड हजार वस्तीच्या गावाला त्याहून जास्त झेपणार नाहीत. मोह आवरत नसेल तर मिडसमरसारखं करा, गोष्ट तालुकाभर पसरवा आणि दर वेळी वेगळी वाडी घ्या.

बिघडतं कुठे, तर बहुतेक वेळा भाषेत. सगळ्या गावाला एकच ठसक्याची ‘ग्रामीण’ बोली दिली की माणसं संपतात आणि नकला उरतात. सेवा सोसायटीचा सचिव, मुंबईहून परतलेला गिरणी कामगार, माहेर कोकणातलं असलेली सून आणि शाळामास्तर एकसारखं बोलत नाहीत. दुसरी चूक गावकऱ्यांना बावळट करण्याची. डॉक मार्टिनच्या गावातली माणसं चक्रम आहेत, पण आपापल्या कामात चोख आहेत. हसू येतं ते त्यांच्या हट्टाचं.

यात्रेचा प्रसंग शेवटच्या भागात हवा असेल तर उलट्या क्रमाने जा. यंदाच्या यात्रेत पालखी, गर्दी, कुस्त्यांचा आखाडा आधी चित्रित करून ठेवा, मुख्य पात्रांना तेव्हाच त्या गर्दीत फिरवा, कपडे लिहून ठेवा, आणि नंतर गोष्ट त्याभोवती बसवा. गर्दी जमवायचा खर्च मंडळाच्या आवाक्यातला नसतो.

थोडक्यात

*‘मिडसमर’च्या सुरावटीत बाई गाते आहे की व्हायोलिन वाजतं आहे? (ठाणे)* दोन्ही नाही. ते थेरमिन, हात न लावता वाजवायचं विजेवर चालणारं वाद्य. एका हाताच्या अंतराने सूर बदलतो, दुसऱ्याच्या अंतराने आवाज लहानमोठा होतो. चाल जिम पार्कर यांची.

*‘समर वाइन’मधला कॉम्पो मध्येच दिसेनासा होतो. (अकोला)* भूमिका करणारे बिल ओवेन १९९९ मध्ये वारले. २००० च्या भागांत कॉम्पोची अंत्ययात्रा दाखवली आणि पुढे त्यांचे चिरंजीव टॉम ओवेन मालिकेत आले.

*आपल्याकडच्या जुन्या मालिकांत या जातीचं काही? (पणजी)* ‘मालगुडी डेज’. शंकर नाग यांनी कर्नाटकातल्या आगुंबेत चित्रित केलेली, दूरदर्शनवर १९८६-८७ मध्ये आलेली. ‘स्वामी’चे भाग आधी बघा, बाकीचे कुठल्याही क्रमाने चालतील.